जोखीम विभागाची माणसं ट्रेडरनं निवडू नयेत

कमॉडिटी ट्रेडिंग करणाऱ्या पुष्कळ कंपन्यांत रिस्क टीमच्या मुलाखतीची शेवटची फेरी ठरलेली असते. आधी एचआर, मग रिस्कमधले एकदोघे आणि सर्वांत शेवटी डेस्कचा, म्हणजे सौदे करणाऱ्या ट्रेडरांच्या गटाचा, प्रमुख. म्हणजे ज्याच्या पोझिशनवर, उघड्या सौद्यांवर, हा नवा माणूस उद्यापासून नजर ठेवणार, तोच ट्रेडर. त्याला उमेदवार पटला तर नेमणूक, नाही तर पुढचा बोलवा. परीक्षार्थींनी पर्यवेक्षक निवडावा तसा हा प्रकार आहे, तरी त्याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. तो बंद व्हावा असं माझं म्हणणं आहे. ट्रेडरनं उमेदवाराला हवे तेवढे प्रश्न विचारावेत. निवडीत कौल देण्याचा अधिकार मात्र त्याला नसावा.

खासगी कंपनी कुणाला नोकरीवर घेते याच्याशी बाकीच्यांचं काय देणंघेणं, असं कुणी म्हणेल. २०२२ च्या ऑगस्टमध्ये युरोपात गॅस आणि विजेचे भाव भडकले तेव्हा वीजनिर्मिती कंपन्यांची गोची झाली. त्यांनी आपली पुढच्या काळातली वीज वायद्यात आधीच विकून ठेवली होती. यात जुगार नव्हता, उलट सावधपणाच होता. पण भाव चढला की वायद्यात विकणाऱ्याला एक्स्चेंजकडे मार्जिन, म्हणजे हमीची रोकड, भरावं लागतं, आणि तेही लगेच. विजेचे चढे पैसे हातात येणार ते वीज तयार होऊन विकली गेल्यावर, कित्येक महिन्यांनी. कागदावर फायद्यात असलेल्या कंपन्या रोकडीसाठी धावू लागल्या. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात स्वीडनला २५० अब्ज क्रोनरपर्यंतची सरकारी हमी जाहीर करावी लागली आणि फिनलंडला १० अब्ज युरोंची सोय. जोखीम मोजणाऱ्यांचा अंदाज तोकडा पडला की त्याचं बिल कुठे जाऊन पोचतं, ते यावरून दिसतं.

आता या मोजणाऱ्यांना आपण निवडतो कसे? मुलाखतीत बहुतेक वेळ जातो तो गणितात. व्हॅल्यू ॲट रिस्क, म्हणजे व्हार (ठरावीक काळात साधारणपणे फार तर किती तोटा होईल याचा अंदाज), काढायच्या तीन पद्धती सांगा. ऑप्शनचे (ठरलेल्या भावानं घेण्याविकण्याच्या हक्काचे) डेल्टा-गॅमा, म्हणजे भाव हलला की त्या हक्काचं मोल किती हलतं ते सांगा. अमुक नाणी अमुक वेळा उडवली तर शक्यता किती? हे सगळंच वाया जातं असं नव्हे. डेल्टा म्हणजे काय हे माहीत नसलेला माणूस या खुर्चीत नकोच. पण ते लेखी चाचणीत अर्ध्या तासात कळतं. नाण्यांच्या कोड्यांबद्दल तर गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगून टाकलं होतं की त्यातून उमेदवाराबद्दल काही कळत नाही, विचारणाऱ्याला मात्र आपण हुशार असल्यासारखं वाटतं. निवडपद्धतींवरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरआढावा घेतला. त्यात वरच्या क्रमांकावर आली ती आखीव मुलाखत, जिच्यात सगळ्या उमेदवारांना कामाशी जोडलेले तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं आधी ठरवलेल्या मापानं तपासतात. गप्पा मारून 'माणूस कसा वाटतो' ते बघणारी मोकळी मुलाखत बरीच खाली गेली. डेस्कप्रमुखाची शेवटची फेरी नेमकी या दुसऱ्या जातीची असते.

या धंद्यातले मोठे अपघात पाहिले तर सूत्र न आल्यामुळे कंपनी बुडाली असं फारसं सापडत नाही. प्रश्न निवडताना मी या अपघातांकडे बघतो, पण उमेदवारासमोर नाव घेत नाही. नाव घेतलं की पाठ केलेली गोष्ट ऐकावी लागते.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या कंपनीनं ग्राहकांना पुढची दहा वर्षं ठरलेल्या भावानं तेल विकायचं कबूल केलं आहे. त्या जोखमीपोटी कंपनीनं तेवढ्याच पिंपांचे वायदे घेतले, पण ते अगदी जवळच्या महिन्यांचे. मुदत संपत आली की पुढच्या महिन्यात सरकवायचे. तेलाचा भाव चौथ्या हिश्शानं पडला. कंपनी नफ्यात की तोट्यात?

काही जण तत्काळ सांगतात, हेज केलंय, म्हणजे उलट सौद्यानं जोखीम झाकली आहे, त्यामुळे काही फरक नाही. काही जण तितक्याच झटपट सांगतात, तोट्यात. मला रस असतो तो यापुढे येणाऱ्या प्रश्नांत. ग्राहकाचे पैसे कधी येणार? एक्स्चेंजला कधी भरायचे? वायदा सरकवताना पुढच्या महिन्याचा भाव चढा आहे की उतरता? ग्राहकाला करारातून मध्येच बाहेर पडता येतं का? बँकेनं किती रोकड देऊ केली आहे, आणि भाव आणखी पडला तर ती तितकीच राहील का? एका उमेदवार मुलीनं उत्तर देण्याऐवजी या चालीचे सलग प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाली, "यातलं काही कळल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही." माझ्या दृष्टीनं मुलाखत तिथेच संपली होती.

ही गोष्ट अर्थातच १९९३ मधल्या मेटालगेझेलशाफ्टची आहे. तिच्या अमेरिकी उपकंपनीनं सुमारे १६ कोटी पिंपांची अशी पोझिशन उभारली होती आणि भाव पडल्यावर मार्जिन भरता भरता मूळ जर्मन कंपनी दिवाळखोरीच्या दारात गेली. तोटा एक अब्ज डॉलरच्या वर. गंमत अशी की योजना मुळात चूक होती की नाही यावर पंडितांचं एकमत झालं नाही. नोबेल मिळालेले मर्टन मिलर आणि ख्रिस्तोफर कल्प म्हणाले, योजना ठीक होती, व्यवस्थापनानं घाबरून ती मध्येच मोडली. मेलो आणि पार्सन्स म्हणाले, रोकडीचा विचार न करता केलेलं हेज हे हेजच नव्हे. ज्या प्रश्नावर इतके जाणकार भांडले, त्याचं एका वाक्यात ठाम उत्तर देणारा उमेदवार जोखीम विभागात धोकादायकच ठरेल. आणि वर सांगितलेली २०२२ ची वीजकंपन्यांची गोष्ट याच सापळ्याची, फक्त दिशा उलटी. मध्ये एकोणतीस वर्षं गेली होती.

दुसरा प्रश्न छोटा आहे. शुक्रवारी भाव १८.२७ डॉलर होता, सोमवारी बंद झाला उणे ३७.६३ वर. हा बदल तुमच्या व्हारच्या गणितात घालून दाखवा. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाच्या मे वायद्याचं नेमकं हेच झालं. हा वायदा जिथे प्रत्यक्ष तेल देऊन मिटतो त्या अमेरिकेतल्या कशिंगच्या टाक्यांत तेल ठेवायला जागा उरली नाही आणि विकणाऱ्यालाच पदरचे पैसे देऊन तेल द्यावं लागलं. भावाचा लॉगॅरिदम घेणारं कुठलंही गणित इथे अडून पडतं, कारण ऋण संख्येचा लॉगॅरिदम नसतो. एक्स्चेंजलासुद्धा दोन दिवसांत ऑप्शनचं मॉडेल बदलून ऋण भाव चालणारं जुनं बॅशेलिए मॉडेल लावावं लागलं. चांगला उमेदवार इथे आधी हसतो आणि मग म्हणतो, हे गणित इथे चालणार नाही. चांगली पदवी घेतलेले कितीतरी जण मात्र नेटानं भागाकार करतात, उणे तीनशे सहा टक्के लिहितात आणि पेन खाली ठेवतात. आकडा बरोबर असतो. शंभर टक्क्यांहून जास्त घसरलेला भाव कसला, हे त्यांच्या मनात येत नाही.

पण तोंडी प्रश्नांपेक्षा मला कागद जास्त खरा वाटतो. उमेदवाराला एक पोझिशन रिपोर्ट द्यावा आणि सांगावं, यावर सही करायची की नाही ते अर्ध्या तासात ठरवा. रिपोर्टमध्ये दोनतीन दोष पेरलेले असावेत. एका ओळीत टन आणि पिंपं यांची सरमिसळ. एका दूरच्या महिन्याचा भाव तीन आठवडे हललेलाच नाही, म्हणजे तो बाजारातून येत नसून कुणीतरी हातानं भरलेला आहे. आणि विकलेल्या ऑप्शनचं मोल फक्त आजच्या भावफरकावर काढलेलं, उरलेल्या मुदतीची किंमत धरलेलीच नाही. हा शेवटचा दोष बारीक वाटेल, पण २००४ मध्ये सिंगापुरातल्या चायना एव्हिएशन ऑइलच्या सुमारे ५५ कोटी डॉलरच्या तोट्यामागे असंच मूल्यांकन होतं. तोटा कागदावर दिसत नव्हता म्हणून जुने ऑप्शन मिटवायला नवे, आणखी मोठे ऑप्शन विकले गेले. कंपनीत जोखीम समिती होती, नियमांची छापील पुस्तिकाही होती. कमी होती ती आकडा पाहून 'हा असा कसा?' म्हणणाऱ्याची.

मालाबद्दलची समज तर मुलाखतीत कुणी तपासतच नाही. मार्च २०२३ मध्ये लंडन मेटल एक्स्चेंजच्या मान्यताप्राप्त रॉटरडॅमच्या गोदामात ५४ टन निकेलऐवजी पोत्यांत दगड निघाले. नऊ वायद्यांएवढा माल, तसा किरकोळच. पण त्याच्या महिनाभर आधी ट्रॅफिगुरा या बड्या व्यापारी कंपनीनं जाहीर केलं होतं की विकत घेतलेल्या कंटेनरांत निकेलच नव्हतं आणि ५७ कोटी ७० लाख डॉलरचा फटका सोसावा लागेल. २०१४ मध्ये चीनच्या चिंगदाओ बंदरात एकच धातू वेगवेगळ्या पावत्यांवर अनेक बँकांकडे तारण ठेवल्याचं उघड झालं होतं. व्हार कितीही बारीक काढा, पोत्यात काय आहे ते त्यात येत नाही. म्हणून पॅनेलवर जहाजं, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती) आणि गोदामं सांभाळणाऱ्या ऑपरेशन्समधलं एक माणूस हवंच. "हा माल आपला आहे हे तुम्हाला कशावरून कळलं?" असं त्यांनी विचारलं की पाच मिनिटांत उमेदवाराचं पाणी जोखलं जातं. मला तर ट्रेडरच्या मतापेक्षा या माणसाचं मत जास्त मोलाचं वाटतं.

ट्रेडरच्या बाजूनं एक सबळ युक्तिवाद आहे. तो म्हणतो, बाजार मला कळतो. बाजार न कळणारा माणूस माझ्या डोक्यावर आणून बसवलात तर तो प्रत्येक गोष्टीला नकार देईल, कारण नकार दिल्यानं त्याचं काही बिघडत नाही. हे खोटं नाही. मी असे रिस्कवाले पाहिले आहेत. गोदामात माल पडून आहे, भाव घसरतोय आणि हे हेजची परवानगी द्यायला तीन सह्या मागतात. हेज न करणं हीसुद्धा पोझिशनच असते, हे त्यांच्या गावी नसतं. ज्याला नकार द्यायला आवडतो असा माणूस, ज्याला नकार देताच येत नाही त्याच्याइतकाच निकामी. तेव्हा उमेदवाराला बाजार कळतो का, हे ट्रेडरनं तासभर बोलून पाहावं आणि काय विचारलं, काय उत्तर आलं ते लिहून द्यावं. तिथवर ठीक. पण त्या तासानंतर ट्रेडर जे सांगतो ते बहुधा ज्ञानाबद्दल नसतं. 'आमच्यात बसेल असं वाटत नाही', 'जरा ताठ आहे', 'व्यवहारी नाही' अशी ती वाक्यं असतात, आणि ताठपणा हा तर या नोकरीचा पगार देण्यामागचा हेतू आहे!

ट्रेडरच्या शेजारी बसल्यानं जोखीम आपोआप आटोक्यात येते असंही नाही. अमरांथ या हेज फंडात प्रत्येक बुकासाठी, म्हणजे सौद्यांच्या प्रत्येक संचासाठी, वेगळा रिस्क मॅनेजर होता आणि तो डेस्कवरच बसायचा, असं त्या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. तेव्हा ही मोठी प्रगत व्यवस्था मानली जायची. सप्टेंबर २००६ मध्ये नैसर्गिक वायूच्या स्प्रेडमध्ये, मुख्यतः २००७ च्या मार्च आणि एप्रिल वायद्यांमधल्या फरकावर, फंडाचे सहा अब्ज डॉलरहून जास्त गेले. पोझिशन कुणाला दिसत नव्हती असं नाही. ती इतकी मोठी झाली होती की बाहेर पडायला समोर घेणाराच नव्हता, आणि ती तेवढी होईपर्यंत ट्रेडरनं आधी कमावलेल्या पैशांचा दबदबा होता.

इथे एक अडचणीची गोष्ट बोललीच पाहिजे, जी मुलाखतीत सगळेच टाळतात. रिस्कमध्ये येणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना खरं तर ट्रेडर व्हायचं असतं. रिस्क हा त्यांच्यासाठी डेस्कचा बाहेरचा बाक. यात गैर काही नाही. काही उत्तम ट्रेडर याच वाटेनं गेले आहेत आणि जोखीम शिकून गेलेला ट्रेडर कंपनीच्या फायद्याचाच. पण ज्याला पुढच्या वर्षी त्या डेस्कवर जायचं आहे, तो यंदा त्या डेस्कच्या प्रमुखाच्या चुकीच्या आकड्यावर लाल रेघ मारेल का? आणि मुलाखतीतच तोच प्रमुख समोर बसला असेल तर हा हिशेब उमेदवाराच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्का होतो. त्यामुळे 'पाच वर्षांनी कुठे असाल' या गुळगुळीत प्रश्नाऐवजी सरळ विचारावं: ट्रेडर व्हायचंय का? हो म्हणणाऱ्याला नाकारू नये. फक्त त्याला ज्या डेस्कवर जायची इच्छा आहे, त्या डेस्कची लिमिट, म्हणजे जोखमीची मर्यादा, त्याच्याकडे सोपवू नये.

दबावाखाली माणूस टिकेल का हे कसं पाहायचं? काही ठिकाणी पॅनेलमधलाच एखादा चिडलेला ट्रेडर बनतो आणि आरडाओरडा करतो. मला हा प्रकार पटत नाही. त्यात उंच आवाजाची माणसं चमकतात, शांत माणसं मार खातात, आणि प्रत्यक्षात दबाव आरडाओरड्यानं येतच नाही. तो येतो गोडीनं: "अरे, सोमवारी सकाळी कमी करतोच आहे, आजच्या रिपोर्टात कशाला?" म्हणून इथेही कागद. शुक्रवारी संध्याकाळी लिमिट ओलांडली गेली आहे, ट्रेडर असं म्हणतोय, मुख्य वित्त अधिकाऱ्याला पाच ओळींची ईमेल लिहा. दहा मिनिटं.

या पाच ओळी वाचायला फार मजा येते. कुणी 'आपल्या निदर्शनास आणून देऊ इच्छितो की' इथून सुरुवात करतो आणि आकडा चौथ्या ओळीत लपवतो. कुणी फिर्याद लिहावी तशी लिहितो, जणू ट्रेडरनं चोरी केली आहे. नेमकी माणसं पहिल्याच ओळीत लिहितात लिमिट किती, पोझिशन किती, कधीपासून. मग ट्रेडरचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, प्रामाणिकपणे. मग सोमवारपर्यंत भाव उलटा गेला तर किती पैसे जातील. शेवटी आपल्याला काय निर्णय हवा आहे आणि कधीपर्यंत. ज्याला अशा पाच ओळी लिहिता येतात, त्याला कॉप्युलासारखं अवघड गणित शिकवता येईल. उलटं शिकवणं मी फार कमी वेळा जमलेलं पाहिलं.

आणि कुणाला निवडलं यासोबत त्याला कुठल्या वेळी, कुणाच्या भरवशावर बसवलं हेही पाहायला हवं. ८ मार्च २०२२ च्या पहाटे निकेल काही तासांत टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि लंडन मेटल एक्स्चेंजनं त्या दिवशीचे सौदेच रद्द केले. ब्रिटनच्या नियामकानं २०२५ मध्ये त्याबद्दल ९२ लाख पौंडांचा दंड केला. त्याच्या निष्कर्षात होतं की त्या वेळी कामावर तुलनेनं कनिष्ठ माणसं होती आणि बाजार भरकटल्याची लक्षणं ओळखायचं प्रशिक्षण त्यांना दिलेलं नव्हतं. त्या माणसांची निवड चुकली होती असं मी म्हणणार नाही. पण मुलाखतीत "रात्री दोन वाजता कुणाला उठवायचा अधिकार मला असेल?" असं एखाद्या उमेदवारानं विचारलं, तर त्याला आगाऊ समजू नये. उमेदवारांनीही मुलाखत घ्यावी. रिस्कचा प्रमुख कुणाला उत्तर देतो? मागची लिमिट कधी मोडली आणि पुढे काय झालं? या प्रश्नांवर पॅनेलमधले लोक एकमेकांकडे बघू लागले, तर दुसरी नोकरी शोधलेली बरी.

बँकांच्या बाबतीत काही नियम आहेत. जोखीम आणि नियंत्रण सांभाळणाऱ्यांचा मोबदला ते ज्या धंद्यावर नजर ठेवतात त्याच्या नफ्यापासून स्वतंत्र असावा, असं फायनान्शियल स्टॅबिलिटी बोर्ड या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या तत्त्वांत स्पष्ट आहे. पगाराबद्दल इतकी काळजी आणि निवडीबद्दल मात्र तेवढी नाही. शिवाय व्हिटॉल, ट्रॅफिगुरा, गनव्होर, मर्क्युरिया यांसारखी मोठी व्यापारी घराणी ना बँका आहेत, ना शेअरबाजारात नोंदलेल्या. त्यांना हे बंधन लागूच होत नाही. नवा कायदा येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यावर वजन असणारी मंडळी आधीच हजर आहेत. ही घराणी चालतात बँकांच्या कर्जावर. २०२० मध्ये सिंगापूरची हिन लिओंग ही तेलव्यापारी कंपनी बुडाली तेव्हा तिच्याकडे वीसहून जास्त बँकांचे साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक अडकले होते, आणि ८० कोटी डॉलरचा तोटा कित्येक वर्षं हिशेबात दडवलेला निघाला. कर्ज देताना बँका साठ्याची पावती, विमा, लिमिटांचा तक्ता सगळं मागतात. त्या यादीत आणखी एक कागद वाढवायला काहीच हरकत नसावी: रिस्कप्रमुखाच्या आणि त्याच्या माणसांच्या निवडीत कोण बसलं होतं, आणि ज्यांना नाकारलं त्यांना कुणी, काय कारण देऊन नाकारलं.